दाराची फाइल

नणंद-भावजय एकाच कंपनीत, शेजारशेजारच्या खोल्यांत कामाला होत्या. दोघी मिळून लिफ्टचा प्रोग्राम लिहीत. कोड साठवायच्या व्यवस्था दोन: भावजयीच्या टीमचा कोड जुन्या एसव्हीएनमध्ये राहायचा, नणंदेच्या टीमचा नव्या गिटमध्ये. इकडचे बदल तिकडे न्यायला कोपऱ्यात एक मशीन होतं. सगळे त्याला 'पूल' म्हणत.

तीन दिवस झाले, भावजयीने केलेलं काम तासाभरात गायब व्हायचं आणि त्या जागी नणंदेचं येऊन बसायचं. चाचणीच्या लिफ्टचं दार कधी उघडेना, कधी मिटेना.

"वन्सं, माझा कोड तुम्ही पुसताय का?" एरवी ती 'ताई' म्हणायची. 'वन्सं' निघालं की समजावं, पारा चढलाय.

"मी? अगं वहिनी, रोज माझाच जातोय! चोराच्या उलट्या बोंबा!"

घरीही अबोला सुरू झाला. भावजयीचा नवरा बायको-बहिणीचे निरोप पोचवून मेटाकुटीला आला.

चौथ्या दिवशी भावजयीने पूलच बंद केला.

साहेब धावत आले. "अहो, काम अडेल!"

"साहेब, चालू असताना तरी कुठे पुढे जातंय?"

मग तिने एकेक बदल हाताने पाठवून पाहिला. नणंदेची 'डोअर' नावाची फाइल कॅपिटल डीची. स्वतःची, त्याच नावाची, स्मॉल डीची. एसव्हीएन आणि गिट, दोघांच्याही लेखी त्या दोन वेगळ्या फाइली. पुलाच्या मशीनला मात्र लहान-मोठं अक्षर सारखंच. एक फाइल आली की ते दुसरीवर थेट लिहायचं आणि तेच दोन्हीकडे वाटून मोकळं व्हायचं.

नावाचं पहिलं अक्षर कॅपिटल हवं, हा नियम भिंतीवर लावलेला होता. खाली सही भावजयीचीच.

ती उठून शेजारच्या खोलीत गेली.

"ताई, चूक माझी आहे. घाईत स्मॉल डी टाकला."

नणंदेने शांतपणे खुर्ची वळवली. "पुन्हा म्हण. नीट ऐकू आलं नाही."

"चूक माझी."

"जरा मोठ्याने. साहेबही ऐकताहेत."

"ताई!"

नणंदेला हसू आवरेना. दोघींनी शेजारी बसून दोन्ही फाइलींतलं काम एकीत आणलं, स्मॉल डीची काढून टाकली आणि पूल सुरू केला. तासाभराने पाहिलं, दोन्हीकडे अक्षर न् अक्षर जुळत होतं. चाचणीच्या लिफ्टचं दार उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"चला, वर जाऊन चहा घेऊ," भावजय म्हणाली.

"चहा घेऊ," नणंद म्हणाली, "पण जिन्याने."