बाबांच्या निधनवार्तेतला एक शब्द

बाबा गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी माझा धाकटा भाऊ पुष्कर मोबाईलवर त्यांची निधनवार्ता लिहायला बसला. पाचच्या आत वर्तमानपत्राकडे पाठवायची होती. त्यानं वाचून दाखवलं, ‘नारायण पेठेतील ज्येष्ठ नागरिक व आरोग्य क्षेत्रातील माजी अधिकारी दीनानाथ मेहेंदळे यांचे...’

अधिकारी! माझं डोकंच फिरलं. चौतीस वर्षं सरकारी हॉस्पिटलात नर्स होते बाबा. सगळे ब्रदर म्हणायचे. त्यांनी बेडपॅन उचलले, जखमा धुतल्या, मेलेल्यांचे डोळे मिटले. अधिकार गाजवला तो फक्त पेशंटच्या नातेवाइकांवर, एका खाटेवर चौघं बसू नका म्हणून.

मी म्हटलं, सरळ परिचारक लिही. पुष्करला ते ‘लो लेव्हल’ वाटलं. याच्या स्वतःच्या हुद्द्यात सहा शब्द आहेत आणि हा नेमकं काय करतो ते याच्या बायकोलाही सांगता येत नाही, पण बापाचा एक साधा शब्द याच्या घशाखाली उतरेना.

खरं दुखणं वेगळंच होतं. पुष्करचे सासरे बापूराव, बिबवेवाडीचे. मार्केट यार्डात गुळाची आडत, दोन बंगले. लग्न ठरताना यानं त्यांना ठोकून दिलं होतं की वडील हॉस्पिटलच्या अ‍ॅडमिनिस्ट्रेशनमध्ये होते. ती थाप बारा वर्षं सांभाळली. त्या घरी गेलं की बाबा कुणाचं बीपीसुद्धा मोजत नसत.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे रामदासकाका आले. त्यांनी ‘थोर रुग्णसेवक’ सुचवलं. हे काका रविवारी सकाळी बी-ट्वेल्व्हचं इंजेक्शन घ्यायला हक्कानं यायचे, सुई आमची, कापूस आमचा, वर चहाही आमचाच. अर्ध्या पेठेची ढुंगणं बाबांना पाठ होती. पण बाबांची पाठ वळली की तीच पेठ ‘वॉर्डबॉय होता हो’ म्हणायची. मी काकांना म्हटलं, थोर वगैरे राहू द्या, आपण बसा. ते बसले. काय झालं ते पूर्ण कळल्याशिवाय कोण उठतो?

चार वाजता बापूराव आले. सुतकाच्या घरात ‘या’ म्हणत नाहीत, तरी पुष्करच्या तोंडून निघालंच. मग त्यानं मोठ्या आवाजात मजकूर वाचला, सासऱ्यांना पसंत पडावा म्हणून. मी मनात म्हटलं, आता सासऱ्यांसमोरच याची थाप उघडी पाडायची. तोंड उघडणार, तोच बापूराव बोलले.

“अधिकारी कशापायी लिवलंय? नर्स होते ते. मला ठाऊक हाय.”

पुष्करचा चेहरा पांढराफटक पडला. मला, खोटं कशाला सांगू, गुदगुल्या झाल्या.

बापूरावांनी सावकाश सगळं सांगितलं. चार वर्षांपूर्वी पुष्कर आणि त्याची बायको पूर्णिमा अमेरिकेत असताना बापूरावांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं, एका लहानशा खाजगी हॉस्पिटलात. शुद्धीवर आले तर लघवीची पिशवी बदलायला समोर व्याही! निवृत्तीनंतर बाबा तिथे कामाला जात होते. आम्हाला सांगायचे, वाचनालयात जातो.

“अकरा दिस माझी घाण काढली त्यांनी. मी लाजून तोंड फिरवलं, तर म्हणाले, व्याही घरी, इथं तुम्ही पेशंट. घरी सोडताना मात्र हात जोडले. म्हणाले, मुलांना यातलं काही बोलू नका. त्यांनी लोकांना जे सांगितलंय ते तसंच राहू द्या. माझ्यामुळं त्यांना खाली बघायला लागू नये.”

पुष्कर हुंदके देऊन रडायला लागला. बरं झालं, रड, असं मला वाटलं. आणि मग तो शब्द माझ्या कानात अडकला. ‘मुलांना’ म्हणाले बाबा. एकट्या पुष्करला नाही.

माझ्या लग्नाच्या वेळी सासूबाईंनी विचारलं होतं, वडील काय करतात. मी म्हटलं, सरकारी नोकरी. त्यांनी पुढे विचारलं नाही आणि मला हायसं वाटलं होतं. बाबा शेजारच्याच खुर्चीवर होते. त्यांनी मान हलवून दुजोरा दिला. एकवीस वर्षं झाली, आणि आज सकाळपासून मी भावावर डोळे वटारत होते.

पुष्करनं डोळे पुसून ‘अधिकारी’ खोडलं, ‘परिचारक’ लिहिलं. निधनवार्तेच्या शेवटी नेहमी एक ओळ असते, अमुक अमुक यांचे ते वडील होत. तिथे येऊन त्याचं बोट थांबलं.

“ताई, इथे आपली नावं घालू ना?”

पाचला दहा मिनिटं होती. मला हो म्हणवेना.