ओढून ठेवलेला हातब्रेक

मित्रांनो, मी एक जुना निळा पिकअप ट्रक आहे आणि मला आता हातब्रेक उरलेला नाही. तो कसा गेला, ते सांगतो.

जन्मलो मी कारखान्यात, पण वाढलो कॅनडातल्या सस्कॅचेवनच्या गव्हाच्या शेतांत, ओरेस्ट यांच्या घरी. पहिल्याच दिवशी माझ्या टपावर थाप मारून ते शेजारच्या वासिलला म्हणाले, "बैलापेक्षा गुणी आहे बघ. चारा मागत नाही, लाथ मारत नाही!" पुढे कितीतरी वर्षे मी बियाणे वाहिले, आजारी वासरे वाहिली. ओरेस्टच्या पत्नीची शवपेटी चर्चपर्यंत नेली तीही मीच.

आमच्याकडे हिवाळ्यात कोणी हातब्रेक ओढत नाही. आतला ओलावा गोठला की ब्रेक चाकाला घट्ट धरून बसतो. म्हणून गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवायची आणि उतरायचे. पहिला बर्फ पडण्याआधी ओरेस्ट हातब्रेकच्या दांड्याला, तो ओढायचा नाही याची आठवण म्हणून, लाल चिंधी बांधत. त्यांची मुलगी लेस्या माझ्यावरच गाडी शिकली. तिने एकदा तो दांडा ओढला, तेव्हा ते म्हणाले होते, "चिंधी आता तुझ्या वेणीला बांधू का?"

गेल्या नोव्हेंबरात एका संध्याकाळी त्यांनी स्वतःच चिंधीसकट दांडा ओढला. का ओढला ते मला ठाऊक होते, पण ट्रकला बोलता येत नाही. दुसऱ्या सकाळी ते स्वयंपाकघरात पडलेले सापडले. डावी बाजू लुळी पडली होती, वाचा गेली होती. मी अंगणात बर्फाखाली उभा राहिलो.

आमच्या चर्चच्या जुन्या पंचांगाप्रमाणे आमचा ख्रिसमस जानेवारीत येतो. आदल्या संध्याकाळी पहिली चांदणी दिसली की घरचे सगळे जेवायला बसतात आणि गेलेल्या माणसासाठीही एक ताट मांडतात. इस्पितळाने ओरेस्टना त्या एका संध्याकाळपुरते घरी न्यायची परवानगी दिली होती. लेस्या शहरातून आली. तिने गहू, खसखस आणि मधाची खीर शिजवली, स्वतःचे, बाबांचे आणि गेलेल्या आईचे अशी तीन ताटे मांडली आणि वासिलला बरोबर घेऊन मला बाहेर काढले.

अर्ध्या वाटेत जळका वास आला. मी उजवीकडे ओढू लागलो. लेस्याने मला थांबवले आणि चारही चाकांवर मूठमूठ बर्फ टाकला. तीन चाकांवर तो तसाच राहिला. मागच्या उजव्या चाकावर चर्र झाले आणि वाफ निघाली.

"हेच ते," ती म्हणाली. जॅक लावून तिने चाक उचलले. ते फिरेना. ब्रेकच्या तेलाचा स्क्रू सैल केला, थोडे तेल आले, तरी चाक फिरेना. तिने स्क्रू पुन्हा आवळला. "तेल अडकलेलं नाही. हातब्रेकची तार गंजलीय. दांडा सोडला, पण ती मागे सरकलीच नाही."

"म्हाताऱ्याचा प्रताप!" वासिल म्हणाला. "जन्मभर आम्हाला शहाणपण शिकवलं, आणि शेवटी स्वतःच विसरला."

लेस्याच्या हातातला पाना थांबला.

"वासिलकाका, निघताना मी बसले तेव्हा गिअर मोकळा होता. बाबा गाडी कधी अशी सोडतात?"

"छे! कधीच नाही."

"गिअर टाकायला क्लच दाबावा लागतो. डाव्या पायानं."

वासिलने टोपी काढली.

"त्या संध्याकाळी फोनवर म्हणाले होते, 'लेस्या, आज मी ब्रेक ओढला गं.' आणि मी हसले, काका. म्हटलं, 'चिंधी आता तुमच्या मिशीला बांधू का?'"

खरे होते ते. पाय क्लचवर चढेना, अंगणाच्या उतारावर मी मागे घरंगळू लागलो, तेव्हा त्यांनी चांगल्या हाताने दांडा धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

लेस्याने माझ्याखाली शिरून ब्रेकपाशी तार कापली. चाक मोकळे फिरले. "चला," ती म्हणाली, "मला कळलंय, एवढं त्यांना सांगायचंय."

इस्पितळाशी ती दार उघडे टाकून धावली. थोड्या वेळाने वासिल एकटाच आला आणि माझ्या सीटवर बसला. "दुपारीच गेला रे," तो म्हणाला. एरवी तो माझ्याशी कधी बोलत नसे.

घरी पोचलो तेव्हा आभाळ चांदण्यांनी भरले होते. लेस्याने मला पहिल्या गिअरमध्ये ठेवले. खिडकीतून मला टेबल दिसत होते. तिने एकही ताट उचलले नाही. बाबांचे ताट तेवढे सरकवून आईच्या ताटाशेजारी ठेवले.

लाल चिंधी अजून दांड्याला आहे. लेस्या कधी कधी येऊन बसते आणि तो दांडा ओढते. दुसऱ्या टोकाला आता काहीच नाही.

मित्रांनो, जुन्या यंत्राने किंवा म्हाताऱ्या माणसाने जन्मात न केलेली गोष्ट एखाद्या दिवशी केली, तर हसू नका. थांबा, जवळ जा, आणि कुठे चटका बसतोय ते आपल्या हाताने चाचपून पाहा.