सहा दिवसांची पोस्टमास्तरीण

लाखांदूरपासून सात किलोमीटरवर एक गाव आहे आणि त्या गावाला पोस्ट आहे. पोस्ट म्हणजे ग्रामपंचायतीची एक खोली, टेबल, खुर्ची, बाक, शिक्का आणि पैसे देताना अंगठा घ्यायचं यंत्र. दोन महिन्यांपूर्वी हे सगळं दामिनीच्या ताब्यात आलं. वय चोवीस, बी.एस्सी. पास. तिचा बाप कवडू धानाचा शेतकरी. पोरीला नोकरी लागल्यापासून तो तलावाच्या पाळीवरून मुद्दाम सावकाश चालायचा, कुणीतरी थांबवून विचारावं म्हणून.

अशात दामिनीला भोपाळहून बोलावणं आलं. सैन्यातल्या अधिकारीपदाची लेखी परीक्षा तिने नोकरीच्या आधीच दिली होती. ती पास झाली आणि आता पाच दिवसांची निवड चाचणी होती. जमलं तर चेन्नईला प्रशिक्षण आणि खांद्यावर तारे. नाही जमलं तर वयाच्या हिशेबाने अजून एकच संधी.

"सरकारनं तुले खुर्ची देली नं?" कवडू म्हणाला. "मंग बंदूक कायले पायजे? हातचं सोडून पळत्याच्या मांगं धावू नोको."

"सोडून नाई जाऊन राहिली, बाबा. सुट्टी टाकून जाऊन राहिली."

सुट्टीतच तर खरी गोम होती. खेड्यातल्या पोस्टात सुट्टी हवी असेल तर आपल्या जागी बदली माणूस आपणच द्यायचा असतो. तो दहावी पास हवा, आणि त्याने घोळ घातला तर निस्तरायचा आपण. दामिनीने चुलतभाऊ गोलूला विचारलं. तो लगेच हो म्हणाला. खोलीत कूलर नाही हे कळल्यावर त्याला आठवलं की त्या आठवड्यात त्याला काम आहे. गोलूला काम असल्याचं गावाने पहिल्यांदाच ऐकलं. मैत्रीण रुचिका लग्न होऊन लाखनीला गेली होती. बाकी दहावी पास पोरं नागपूर-पुण्याला. अर्ज द्यायला दोन दिवस उरले, तेव्हा कवडूचा चेहरा खुलायला लागला.

मग दामिनीची आई रुखमिणी चुलीपुढून उठली. पेटीच्या तळातून तिने एक कागद काढला, पदराने पुसला आणि लेकीपुढे ठेवला. दहावीची गुणपत्रिका, अठ्ठेचाळीस टक्के. तीस वर्षांत ती कुणी मागितली नव्हती.

"माह्यं चालन का?" तिने विचारलं.

कवडू हसला. एकटाच हसला.

रुखमिणीच्या नावाचा आदेश निघाला, सोमवार ते शनिवार. दामिनीने तिला यंत्र शिकवलं, शिक्क्याची तारीख बदलायला शिकवलं, आणि जीव मुठीत धरून गाडीत बसली.

भोपाळला मंगळवारी सकाळी पडद्यावर एक धूसर चित्र दाखवलं. त्यावर गोष्ट लिहायची आणि मग पंधरा जणींनी मिळून चर्चा करायची. चौदा जणी एकदमच बोलायला लागल्या. दामिनीने घरच्या वळणाप्रमाणे आधी सगळ्यांचं होऊ दिलं. सगळ्यांचं झालं तेव्हा वेळही संपला. दुपारी पुढच्या चार दिवसांसाठी निवडलेल्यांचे नंबर वाचले, त्यात तिचा नव्हता. संध्याकाळी ती स्टेशनवर होती.

गाडीत ती रडली. पण रडून झाल्यावर तिला थोडं बरं वाटलं, आणि त्याचीच तिला जास्त लाज वाटली. आता काही निवडायला नको होतं. खुर्ची होती, शिक्का होता, बाप खूश होता. पुढची संधी सोडून द्यायची, असं तिने नागपूर यायच्या आत ठरवूनही टाकलं.

बुधवारी दुपारी ती बॅगेसकट थेट पोस्टात गेली. बाकावर पाच बाया होत्या. खुर्चीत आई होती, नाकावर कवडूचा चष्मा. टेबलावर कोमट पाण्याचं भांडं आणि टॉवेल होता. धानाच्या रोवण्या करकरून बोटं झिजलेल्या मंदाबाईचा अंगठा यंत्र घेत नसे. दामिनीने तिला तीनदा परत पाठवलं होतं. रुखमिणीने तिचे हात धुतले, पुसले, एकेक बोट लावून पाहिलं. डाव्या हाताचं मधलं बोट यंत्राने घेतलं. मंदाबाई आपल्या बोटाकडे बघत राहिली.

"काहून आली वो लवकर?" आईने मान वर न करता विचारलं.

"नाई झालं. बाकीच्या पोरी बोलून राहिल्या, मी थांबून राहिली. पहिल्याच फेरीत काढलं."

मग मंदाबाई म्हणाली, "जाऊ दे माय. नोकरी तं आहे नं."

"तेच," दामिनी म्हणाली. "आता नाई जात. ऊठ आई, मी पाह्यते."

रुखमिणी उठली नाही. तिने चष्मा काढला. दोन दिवसांत त्या चेहऱ्यात काहीतरी बदललं होतं, आणि ते आता परत जाईल या भीतीने तो चेहरा अगदी पोरीसारखा दिसत होता.

"शनिवारपर्यंत कागद माह्या नावाचा आहे," ती म्हणाली. "तू घरी जा, भात मांड. अन् पुढच्या बारीले त्या पोरी बोलून राहिल्या तं तूही बोल. पाचही दिवस ऱ्हाय तिथं. मले अजून इथं बसायचं आहे."

दामिनी घरी गेली. आधण यायच्या आत तिने पुढच्या परीक्षेचा अर्ज भरला.