न विचारलेला प्रश्न

'आपण बरं नि आपलं दुकान बरं,' हे रामनगरच्या पत्रेवाल्या परशुरामचं ठरलेलं वाक्य. शेजारी कुणी बायकोला झोडपत असलं, तरी हा दुकानात पत्र्यांचं माप घेत बसायचा. आपल्यातले कितीजण असेच जगतात!

त्या दिवशी मुलाकडे बेंगळुरूला जायला तो आणि त्याची बायको इंदुबाई संध्याकाळी कॅसलरॉक स्टेशनवर गाडीत चढले. समोरच्या बाकावर पांढऱ्या बुटांचा एक माणूस आणि दोन मुली होत्या. थोरली राखी, बारा-तेरा वर्षांची. धाकटी सोनिया तिच्या मांडीवर कण्हत पडलेली.

"काकी, पाणी हाय काय? हिला ताप आलाय," राखी म्हणाली.

इंदुबाईंनी पाणी दिलं. तो माणूस फोनवर बोलत दाराकडे गेला, तसं त्यांनी हळूच विचारलं, "बाळ, हे तुझे कोण लागतात?"

"ठावं न्हाई. आमच्या गावात, नंदिगड्ड्याला घरी आलते. शहरात शाळंत घालतो म्हनाले, म्हनून आईनं धाडलं."

"कुठल्या शाळंत?"

राखीनं 'ठावं न्हाई' अशी मान हलवली. तेवढ्यात तो माणूस परतला आणि तिच्यावर खेकसला.

इंदुबाईंनी नवऱ्याला बाजूला घेतलं. "अहो, काहीतरी काळंबेरं हाय. मुलांच्या मदतीसाठी १०९८ नंबर असतोय, लावा की!"

"आणि तो नातेवाईक निघाला तर? पोलीस आपल्यालाच बसवून ठेवतील. लोकांची पोरं, लोक बघतील."

"लोक म्हंजे कोण? डब्यातला हरेक जण असंच म्हणाला, तर त्या पोरींनी हाक कुणाला मारायची?"

"सकाळी बघू," म्हणत परशुराम फोन खिशात घालून वरच्या बर्थवर चढला. टीसी काही फिरकला नाही. इंदुबाई पोरींवर नजर ठेवून बसल्या, पण पहाटे त्यांचाही डोळा लागला.

जाग आली ती रडण्यानं. बाकावर सोनिया एकटीच होती!

"माजी अक्का कुठं हाय?"

राखी नव्हती. तो माणूसही नव्हता. तापानं फणफणलेलं पोर त्याला ओझं झालं असणार. परशुरामनं फोन लावला. पुढच्या स्टेशनवर पोलीस आले. दोघं कुठं उतरली, डब्यात कुणालाच सांगता येईना.

"संशय होता, तर रात्रीच का नाही सांगितलंत?" महिला पोलिसानं विचारलं.

चौकशी संपल्यावर सोनिया घरी आली, तेव्हा परशुरामही नंदिगड्ड्याला गेला. तिची आई फुला त्याच्यावर रागावली नाही. तिनं एवढंच विचारलं, "तुमी माज्या राखीला बघितलंसा न्हवं? काय म्हनत होती?"

"पाणी मागत होती," तो म्हणाला, आणि ढसाढसा रडला.

राखीचा अजून पत्ता नाही.

आता परशुराम दुकान बंद ठेवून गावोगाव जातो. 'अनोळखी माणसाबरोबर पोर धाडू नका, आधी शाळा बघून या,' असं हात जोडून सांगतो. गाडीत भेदरलेलं पोर दिसलं, की आधी विचारतो. एकदा एका पोराच्या खऱ्याखुऱ्या मामानं त्याला चारचौघांत शिव्या घातल्या. त्यानं मुकाट्यानं ऐकून घेतल्या.

बंधू-भगिनींनो, संशय खोटा ठरला तर शिव्या खाव्या लागतील, एवढंच. पण तो खरा असला आणि आपण गप्प बसलो, तर त्या पोराला नेण्यात आपलाही हात असतो!