आतल्या खोलीचा फोटो

एलिझाबेथ स्ट्रीटवरच्या इमारतीत पाचव्या मजल्यावर, समुद्रापलीकडच्या गावातून आलेल्या अगाताचं बिऱ्हाड होतं. मागे स्वयंपाकघर, पुढे रस्त्यावरची खोली, आणि दोन्हींच्या मध्ये बिनखिडकीची एक कोंदट खोली. भरदुपारीसुद्धा तिथं चाचपडत जावं लागे. रस्त्यावरची खोली चार पोटभाडेकरूंना दिलेली, त्यामुळे अगाताची नऊ वर्षांची नुन्झिया मधल्या खोलीत तीन महिने खोकत पडली होती. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, उजेड आणि हवा मिळाली नाही तर पोर उन्हाळा काढणार नाही.

कायदा होता. मधली खोली आणि रस्त्यावरची खोली यांच्यामधल्या भिंतीत मालकानं खिडकी पाडून द्यायची. शहराच्या घरतपासणी खात्याचा माणूस येऊन मजल्याचा नकाशा काढून गेला, नकाशात त्या भिंतीवर लाल खूणही केली. आता फोटोवाला येणार होता. भिंत बंद आहे एवढं फोटोत दिसलं, की मालकाला नोटीस.

फोटोवाला येणार म्हटल्यावर मात्र अगातानं चिमणी घेऊन ती भिंत न्याहाळली.

"अगं, ही ओल, हे पोपडे! साहेब लोक बघणार सगळं," ती शेजारच्या व्हेनेराला म्हणाली.

"गावात संताची मिरवणूक दारावरून गेली, की आपण भिंत उघडी ठेवायचो का?" व्हेनेरा म्हणाली. "लग्नातली चादर काढ. गबाळी म्हणून नाव होण्यापेक्षा बरं."

अगातानं पेटी उघडली. आईनं विणलेली, झालरीची पांढरी चादर तिनं वरपासून खालपर्यंत त्या भिंतीवर टांगली, मधोमध चुणी घातली आणि दोन पावलं मागे सरून समाधानानं पाहिलं.

फोटोवाला धापा टाकत वर आला. त्यानं चादरीकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं. त्याची भाषा तिला येत नव्हती. तिला वाटलं, कौतुक करतोय. "माझ्या आईच्या हातची," ती हसून म्हणाली. त्याला अजून सोळा घरं करायची होती. फोटोच्या उजेडासाठी पेटवलेल्या दारूचा लख्ख भडका उडाला आणि तो गेला.

सहा आठवडे कुणीही फिरकलं नाही. शेवटी अगाता आणि तिचा नवरा गास्पारे खात्याच्या कचेरीत जाऊन उभे राहिले. तिथला दुभाषा त्यांच्याच मुलखातला होता. त्यानं फायलीतून त्यांच्या मजल्याचा नकाशा काढला. लाल खूण खोडलेली होती.

"खिडकी आहे, असा शेरा आहे," तो म्हणाला.

"कुठली खिडकी?" गास्पारेनं विचारलं.

त्यानं फोटो पुढे सरकवला. "ही काय. पडदा लावलाय की."

अगातानं फोटोवर बोट ठेवलं. "पडदा नाही हो तो, दादा. माझी चादर आहे. मागं भिंत आहे."

"बाई, भिंतीला पडदा कोण लावतं?"

"आम्ही लावतो," ती म्हणाली. "तुम्हीसुद्धा लावत होतात, तिकडं."

दुभाष्यानं मान खाली घातली. "नवा अर्ज करा. ऑक्टोबरात बघतील."

गास्पारे तडक घराकडे निघाला. दिवसभर शहराखाली भुयारं खणणारा माणूस. घरी आल्या आल्या त्यानं हातोडा काढला.

"मालक बाहेर काढेल," अगाता म्हणाली.

"काढू दे. रस्त्यावर उजेड फुकट आहे. पोरीच्या तोंडावर ओलं फडकं धर."

भाडेकरू कामावर गेलेले होते. तो पुढच्या खोलीतून घाव घालू लागला. आत फडकं धरून बसलेल्या अगाताला भिंत हलताना कळत होती. चुना पडला, त्यामागच्या लाकडी पट्ट्या मोडल्या, आणि परातीएवढ्या भोकातून दुपारचं ऊन सरळ बिछान्यावर आलं.

धूळ बसल्यावर तिनं फडकं दूर केलं. कित्येक महिने ती लेकीचं तोंड चिमणीच्या उजेडात पाहत आली होती. त्या पिवळ्या उजेडात गाल थोडे बसल्यासारखे दिसायचे, इतकंच. आता ओठ निळे दिसत होते. डोळे खोल गेले होते आणि कानशिलाची हाडं वर आली होती. आपली आजी शेवटच्या दिवशी अशीच दिसत होती, हे अगाताला आठवलं. आता खिडकीनं काही होणार नव्हतं.

"उजेड आला का गं?" गास्पारेनं पलीकडून विचारलं. त्याच्या आवाजात कितीतरी दिवसांनी आनंद होता.

"आला," अगाता म्हणाली. आणि त्याला आत डोकावता येऊ नये म्हणून ती उठून त्या भोकासमोर उभी राहिली.