सतरा नंबरचा जखमी

अग्निशमन केंद्रात त्यांना सगळे अर्जमास्तर म्हणायचे. आग विझवायला ते आयुष्यात कधी गेले नव्हते. शिडीकडे नुसतं बघितलं तरी त्यांना गरगरायचं. पण बंबाच्या नळीपासून साहेबांच्या खुर्चीपर्यंत केंद्रात जे जे नवीन आलं, ते त्यांच्या अर्जांमुळे आलं होतं. आताचा अर्ज सगळ्यांत मोठा होता. पूर आला, आग लागली, इमारत पडली, तर पहिल्या तासात काय करायचं हे शहरातल्या प्रत्येक वस्तीतल्या माणसांना शिकवायचं, आणि त्यासाठी तीन वर्षांचं अनुदान मागायचं. ते मिळालं नाही तर प्रशिक्षणाची खोली रिकामी करून तिथं जुने टायर ठेवायचे, असं वरून ठरूनही गेलं होतं. मास्तरांची निवृत्ती चार महिन्यांवर आली होती. आपल्यामागे एवढं एक काम उभं राहावं, बाकी काही नको, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगी परदेशात होती आणि दर रविवारी न चुकता फोन करायची. उरलेले सहा दिवस मास्तर अर्ज लिहायचे.

अनुदानाची शेवटची पायरी होती सराव. एका रिकाम्या सरकारी इमारतीत चाळीस खोटे जखमी लपवायचे, पथकांनी ते शोधून फाटकापर्यंत आणायचे, आणि अनुदानवाल्यांच्या निरीक्षकबाई हे सगळं बघणार. एकही माणूस आत राहता कामा नये, ही अट. राहिलाच, तर त्याची उणीव अर्ध्या तासात कोणाच्या तरी लक्षात आली पाहिजे. ही अट मास्तरांनीच सगळ्यांना तीनतीनदा वाचून दाखवली होती. प्रत्येक जखमीच्या गळ्यातलं कार्डही त्यांनीच हौसेनं लिहिलं होतं.

सरावाच्या सकाळी सतरा नंबरचा जखमी, म्हणजे कोपऱ्यावरचा शिंपी, तापानं फणफणला. माणूस मोठा सज्जन. त्यानं मास्तरांना फोन केला आणि खात्रीसाठी हजेरीबाईंनाही केला. हजेरीबाई केंद्राची सगळी नोंदवही सांभाळायच्या. त्यांनी यादीतला सतरा नंबर खोडला आणि एकोणचाळीस जणांची यादी फाटकावर दिली. तिकडे मास्तरांनी सतराचं कार्ड स्वतःच्या गळ्यात घातलं आणि ते तिसऱ्या मजल्यावर चढले. या गडबडीत दुसऱ्याच्या डोक्याला कशाला ताप, म्हणून दोघांनीही एकमेकांना काही सांगितलं नाही. दोघंही कामसू, तिथंच घात झाला.

कार्डावर मास्तरांच्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं, "पाय मोडलेला. बेशुद्ध. हाकेला उत्तर देणार नाही." मास्तर जुन्या फायलींच्या कपाटामागे एका कुशीवर पडले आणि नियमाप्रमाणे बेशुद्ध झाले.

तासाभरानं दारात बुटांचा आवाज आला. "कोणी आहे का?" एकानं हाक दिली. मास्तर गप्प. नियम म्हणजे नियम. मग दुसऱ्याच्या वायरलेसवर साहेबांचा आवाज खरखरला, "एकोणचाळीस झाले. संपलं, खाली या." बूट जिना उतरून गेले.

मास्तरांना आधी राग आला. चाळीस असताना एकोणचाळिसावर थांबतात म्हणजे काय! मग वाटलं, आत्ता कळेल त्यांना. शिट्टी झाली, टाळ्या झाल्या, फोटोसाठी कोणी कोणाला "जरा सरका" म्हणालं तेही वर ऐकू आलं. यादी सोडा, पण सगळा सराव ज्यानं मांडला तो माणूस फोटोत नाही, हे तरी कोणाला दिसेल? त्यांनी वाट पाहिली. इतकी वाट त्यांनी बायकोच्या आजारपणात दवाखान्याबाहेरही पाहिली नव्हती. घरी न्हाणीघरात पडलो तर काय होईल, हा विचार मनात आलाच. सोमवारी पडलो तर रविवारी कळेल, इतकं साधं उत्तर होतं ते. त्या धुळीत मास्तरांना फार एकटं वाटलं.

शेवटी ते स्वतःच उठले. कार्ड खिशात घालून गुपचूप खाली गेलं असतं तर कोणाला पत्ताही लागला नसता. पण तसं करणं त्यांच्या हाडात नव्हतं. ते कार्ड गळ्यात ठेवूनच लंगडत फाटकाशी आले.

"मी सतरा नंबर," ते म्हणाले. "वरच राहिलो."

साहेबांनी हातातला चहा खाली ठेवला. निरीक्षकबाई पलीकडे पथकाशी बोलत होत्या. साहेबांनी मास्तरांना दंडाला धरून टेबलाशी नेलं आणि तपासणीचा कागद पुढे सरकवला. "मास्तर, पाया पडतो. उणीव कोणाच्या लक्षात आली, हा रकाना भरा. हजेरीबाईंचं नाव घाला, वीस मिनिटं लिहा. निभावून जाईल."

"घाला माझं नाव," हजेरीबाई घाईनं म्हणाल्या. "मी विचारणारच होते."

मास्तरांनी पेन उघडलं. "बाई, खरं सांगा. मोजताना म्हणा, फोटोच्या वेळी म्हणा, मास्तर कुठे दिसत नाहीत, असं एकदा तरी मनात आलं?"

त्यांनी हो म्हणावं, अशी मास्तरांची फार इच्छा होती. अनुदानासाठी होतीच, पण नुसती त्यासाठी नव्हती.

"मला वाटलं, तुम्ही घरी गेला असाल."

"आजच्या दिवशी? घरी कोण आहे माझ्या?"

हजेरीबाईंचे डोळे भरले. "नाही आलं हो मनात," त्या हळूच म्हणाल्या.

मास्तरांनी मान हलवली. रकान्यात त्यांनी लिहिलं, "कोणाच्याही नाही." वेळेच्या जागी रेघ मारली आणि कागद स्वतः निरीक्षकबाईंकडे नेऊन दिला. त्यांनी तो दोनदा वाचला.

"असं लिहिलंत तर अनुदान जाईल. माहीत आहे ना तुम्हाला?"

"आहे. अर्ज माझाच आहे."

निरीक्षकबाईंनी सही केली. कागदाची घडी घालता घालता त्यांची नजर खाली गेली. "पाय मुरगळलाय का? लंगडताय."

"नाही. एकाच कुशीवर पडून होतो, बधिर झालाय."

"किती वेळ?"

"दोन तास," मास्तर म्हणाले. आणि त्यांना सगळ्यांदेखत रडू फुटलं. साहेब उगीचच बंबाच्या चाकाकडे बघत राहिले.