एका अर्थाचं कार्ड

मी गातो. म्हणजे गात नाही. गातो हे माझं नाव. स्पॅनिशमध्ये मांजराला गातो म्हणतात आणि तो शब्द माझ्या अंगावर निळ्या पेनाने लिहिलाय. बाकी मी पत्त्याएवढा पुठ्ठ्याचा तुकडा.

जन्म डोंबिवलीचा. मेघनाताईच्या लग्नाच्या उरलेल्या पत्रिका तिच्या धाकट्या बहिणीने, दर्शनाने, कापल्या आणि शब्द पाठ करायला कार्डं केली. त्यामुळे माझ्या पाठीवर 'मंगल परि' एवढंच आहे. उरलेला 'णय' कुठल्याशा क्रियापदाच्या वाट्याला गेला. शब्दाखाली तिने 'मांजर' लिहिलं, शेजारी मिशा काढल्या. झालं, मी स्वतःला मांजर समजू लागलो.

एका कार्डाला एकच अर्थ, हा दर्शनाचा नियम. टेंभी नाक्याजवळच्या स्पॅनिशच्या क्लासात सर दुसरा अर्थ सांगू लागले की ही म्हणायची, "सर, आधी एक तर पाठ होऊ दे."

तिला ठाण्यातल्या एका हेल्पलाइनवर नोकरी हवी होती. परदेशात कुणाची गाडी रस्त्यात बंद पडली की तिथे फोन येतो. तिथल्या स्पॅनिशच्या तोंडी परीक्षेत ती दोनदा नापास झालेली. तिसरी संधी शेवटची, आणि ती उद्यावर आली होती.

ती सरावाचं रेकॉर्डिंग ऐकत बसली. एक माणूस कळवळून सांगत होता: चाक पंक्चर आहे, स्टेपनी आहे, पण माझ्याकडे मांजर नाही. तिने चारदा ऐकलं. मग गठ्ठ्यातून मला काढलं. मी ऐटीत मिशा दाखवल्या.

"रेकॉर्डिंगच चुकलंय," ती म्हणाली.

तिचे पप्पा, भगवान, शीळफाट्याचं पंक्चरचं दुकान बंद करून नुकतेच आलेले. "काय म्हणतोय गं तो?"

"स्पॅनिश आहे पप्पा. तुम्हाला नाही कळणार."

"नाहीच कळणार. पण रडतोय कशाला, ते तर सांग."

तिने सांगितलं. पप्पा हसत खुर्चीत बसले. "अगं, स्टेपनी आहे आणि चाक बदलता येत नाही, म्हणजे जॅक नसेल त्याच्याकडे. मांजर काय गाडी उचलतं?"

दर्शनाने शब्दकोश उघडला. मांजराच्या खाली, दोन ओळींवर, जॅक होता. माझी ऐट उतरली.

"तुम्हीच लिहा," तिने पेन पुढे केलं. पप्पांनी माझ्यावर 'जॅक' लिहिलं, सोबत ऑइलचा डागही दिला. मग तिने विचारलं, "रस्त्यात अडकलेली माणसं अजून काय काय मागतात?" जेवण गार झालं तरी पप्पा सांगतच होते.

परीक्षेत तिला एक शब्द अडलाच. ठोकून द्यायची जुनी सवय उसळली होती, पण तिने अडकलेला प्रवासी झालेल्या परीक्षकालाच विचारलं, "आत्ता तुम्हाला गाडीचं नेमकं काय करायचंय?" त्याने सांगितलं आणि शब्द उलगडला. नोकरी लागली.

आता मी तिच्या टेबलावर असतो. डागाशेजारी बोटभर जागा रिकामी आहे. ती घाईने भरू नका. कुणीतरी, कुठेतरी अडकून फोन करेल; त्याला काय हवंय ते आधी नीट विचारा.